ज्याचा प्रश्न त्यानेच पुसायचा

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. बघू आता काय करतोस ते.

आधी मुद्द्याचं. डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलंय की हृदयाची एक झडप झिजलीय आणि ती थंडी संपायच्या आत बदलायची. बदलली तर पुढे बरीच वर्षं आहेत, नाही बदलली तर काही खरं नाही. हे मला तू नाही सांगितलंस, आईनं सांगितलं, आणि सांगताना ती रडत होती. तुझी ताई कांदा चिरतानासुद्धा रडत नाही, तुला माहीत आहे. मामी गेल्यापासून तू कशालाच हो म्हणत नाहीस, हेही आम्हाला कळतं. पण ऑपरेशनला तरी हो म्हण. तारीख कधीची घेतोयस?

आता माझं. मला नववीचा वर्ग मिळालाय. चित्रकलेचे सर मध्येच सोडून गेले, त्यामुळे बुधवारचा शेवटचा तास रिकामा होता. हेडबाई म्हणाल्या, "काहीही घ्या, फक्त आवाज नको." मी बिस्किटांचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि पोरांना म्हटलं, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न चिठ्ठीवर लिहून यात टाका, नाव घालू नका. मी त्यातला एक काढते, माझ्या अक्षरात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते, आणि तासभर त्यावर बोलायचं. उत्तर द्यायचं नाही हे माझ्यावर बंधन. आणि पोरांनी स्वतः एक नियम केलाय: ज्याचा प्रश्न त्यानेच पुसायचा. मन भरलं की त्यानं कुणी नसताना वर्गात येऊन पुसून टाकायचा. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही.

मामा, काय विचारतात रे ही पोरं! 'झोपेत आपण कुठे असतो?' 'संपलेला दिवस कुठे जातो?' दुपारचं ऊन बाकांवरून सरकत जातं, खडूची धूळ त्यात तरंगत असते, आणि एरवी एकमेकांच्या पाठीत पेन्सिली खुपसणारी पोरं हळू आवाजात बोलायला लागतात. मला तर तो तास संपूच नये असं वाटतं. मी त्यांना सांगितलं की माझा मामा नदीवरचा उघडता पूल चालवतो. तेव्हापासून तुझं नाव पूलमामा पडलंय. पुढच्याच बुधवारी चिठ्ठी निघाली: 'पूल वर उचललेला असतो तेव्हा रस्ता कुठे असतो?'

हा तुझ्यासाठीच आहे. उत्तर पाठव. आणि तारीखही.

तुझी ठकी


१३ नोव्हेंबर

ठके,

अक्षर सुधारलंय तुझं. मास्तरीण झालीस, शोभतेस.

पोरांना सांग, पूल वर उचलला की रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा राहतो. मी केबिनमधून रोज बघतो. मधला पांढरा पट्टा सरळ वर जातो आणि धुक्यात शिरतो. एखादा सायकलवाला लक्ष नसताना गेला तर थेट ढगात पोहोचेल, म्हणून फाटक लावतो.

सध्या धुकं फार. होडीचा भोंगा आधी ऐकू येतो, होडी नंतर दिसते, कधीकधी दिसतही नाही. मी घंटा देतो, फाटक पाडतो, दांडा ओढतो, आणि पुलाचे दोन्ही पंख उठतात. तेवढ्या वेळात दोन्ही काठांवर माणसं थांबलेली असतात. आधी चिडतात, घड्याळं बघतात, मग हळूहळू गाडीतून उतरतात आणि कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बसतात. अनोळखी माणसं एकमेकांशी काय काय बोलतात तेव्हा! परवा एक बाई शेजारच्या टेम्पोवाल्याला सांगत होती की तिला गाणं शिकायचं होतं. टेम्पोवाला म्हणाला, मग म्हणा की आता. आणि म्हणाली ती, दोन ओळी. खालून पाणी जात होतं. मी पूल थोडा सावकाशच खाली घेतला.

तुझ्या मामीला मी अशा गोष्टी घरी जाऊन सांगायचो. तुला घंटेचं माहीत आहे का? पूल उघडताना आणि मिटल्यावर घंटा द्यावी लागते, तो नियम. पण माझी पाळी संपली की मी एक जादा टोला द्यायचो. तो नियमात नव्हता, तो तिच्यासाठी होता. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिला तो ऐकू जायचा आणि ती चहा टाकायची. मी जिने चढून वर जाईस्तोवर उकळी आलेली असायची. तीस वर्षं असं चाललं. आता देत नाही. पाळी संपली तरी केबिनमध्येच बसून राहतो. बदलीवर येणारा पोरगा म्हणतो, काका घरी जा की आता.

मला सांग, तुझी पोरं एवढी हुशार आहेत ना? ज्याची घरी कुणी वाट बघत नाही, त्याने घरी का जायचं? दिवसभर माझ्यापायी शेकडो माणसं खोळंबतात, आणि माझ्यासाठी एकही नाही. गंमतच आहे.

ताईला म्हणावं, रडू नकोस, डोळे सुजतात.

तुझा मामा


२७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तारीख नाहीच कळवलीस. पालथ्या घड्यावर पाणी.

तुझं पत्र वाचलं आणि मला काही सुचेना. मग मी एक केलं. तुझा प्रश्न चिठ्ठीवर लिहिला आणि डब्यात टाकला. नाव नाही, गाव नाही, काही नाही. बुधवारी तोच निघाला.

मी फळ्यावर लिहून वळले. मग आमचा वकील उठला. हा प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. तो म्हणाला, "वाट बघणं दिसत थोडंच? कुणी बघत नाही हे त्याला कसं कळलं?" एक मुलगी म्हणाली, "कळतं. दार उघडल्यावर वासावरून कळतं." मागून कुणीतरी विचारलं, "कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचं असेल तर जावंच लागेल ना?" त्यावर अर्धा तास गेला. झाड वाट बघतं का, पलंग बघतो का, कुलूप बघतं का. बाहेर ऊन उतरत होतं आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही.

एक मुलगी मात्र काही बोलली नाही. तिला सगळे खिडकी म्हणतात, कारण ती खिडकीपाशी बसते आणि सदा बाहेर बघते. आईवडील दोघंही कामावर, पाळ्या उलटसुलट, त्यामुळे घराची किल्ली तिच्या गळ्यात असते. ती किल्ली दोरीवर पुढेमागे सरकवत नुसती फळ्याकडे बघत होती.

मामा, प्रश्न अजून कोपऱ्यात आहे. तू नाही पुसलास तर राहणारच तिथे.

तुझी ठकी


२ डिसेंबर

ठके,

हे काय केलंस तू? माझ्या घरचं धुणं नेऊन शाळेच्या दारात वाळत घातलंस?

मी तुला लिहिलं ते तुला लिहिलं. चाळीस पोरांना नाही. नाव नसलं म्हणून काय झालं, बोलणं माझं होतं. त्या दिवशी मला लिहावंसं वाटलं, इतकंच. आणि तू त्यावर कुलूप वाट बघतं का म्हणून तास घेतलास. तुझी मामी असती तर तुझे कान उपटले असते. नाही, तिनं नसते उपटले, तिनं लाड केले असते, म्हणून तर तू अशी झालीस.

मला वाईट वाटलंय. उगाच गोड बोलणार नाही. पुसून टाक ते, आणि इतक्यात पत्र पाठवू नकोस.

मामा


१९ डिसेंबर

प्रिय मामा,

पाठवू नकोस म्हणालास तरी पाठवतेय. रागावून फाडलंस तर फाड, पण वाचून फाड.

चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या प्रश्नाला हात लावायचा नाही हा नियम पोरं पाळतात, आणि मीच तुझ्या प्रश्नाला न विचारता हात लावला. मी तुझी माफी मागते.

तू पुसायला सांगितलंस, म्हणून त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी डस्टर घेऊन गेले. वर्गात खिडकी उभी होती. तिच्याही हातात डस्टर होतं.

आता हे नीट ऐक. वर्गानं काय समजून घेतलं माहीत आहे? तो प्रश्न खिडकीचा आहे. किल्ली तिच्या गळ्यात, घरी कुणी नसतं, बोलत नाही, म्हणजे तिचाच. कुणी तिला विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हा नियम. पण दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की गेटवर कुणीतरी तिच्यासाठी उभं. पाळ्याच लावल्यात त्यांनी, अगदी तुमच्या पुलासारख्या. ज्याची पाळी असेल त्यानं तिच्या घरापर्यंत जायचं, ती वर जाऊन दार उघडेपर्यंत खाली थांबायचं, आणि मग खालून ओरडायचं, "पोचलीस का गं?" ती गॅलरीत येते आणि हात करते. वकिलाच्या आईनं तर एकदा डब्यातून गरम सूप पाठवलं. आणि प्रश्न पुसला जात नाही, म्हणजे हिचं मन अजून भरलेलं नाही, म्हणून पोरं आणखी जोरात वाट बघतायत.

मी विचारलं, "तू इथे काय करतेस?" तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "बाई, तो प्रश्न माझा नाहीय. पण मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या गेटवर कुणी नसेल. आणि पुसावा तरी कसा, माझा नाहीच तो." किती दिवस ती अशी डस्टर घेऊन उभी राहत होती कोण जाणे. मामा, मी तिला काय सांगणार? तुझं नाव सांगायची मला परवानगी नाही. मी तिला नुसतं जवळ घेतलं. दोघीही न पुसताच घरी गेलो.

आता हेडबाई म्हणतायत, तपासणीला साहेब यायचेत आणि या एका ओळीपायी फळा अडलाय. शिपाईकाका मात्र पोरांच्या बाजूचे. बाकी सगळा फळा ओल्या फडक्याने लख्ख पुसतात आणि तो कोपरा तेवढा सोडतात.

थंडी वाढलीय. तू जिने चढताना थांबतोस का? दम लागतो का? एवढं तरी खरं सांग.

तुझी ठकी


५ जानेवारी

ठके,

पत्र फाडलं नाही. खिशात आहे. इतक्या वेळा वाचलंय की घडीवर विरलंय.

मी राग धरला ते चूकच होतं असं नाही, पण पुरे झाला आता. मला त्या पोरीचंच सारखं मनात येतंय. भोंगा ऐकू येतो, धुकं असतं, मी दांड्यावर हात ठेवून बसलेला असतो, आणि डोळ्यांपुढे येतं ते फडकं हातात घेऊन फळ्यापुढे उभं राहिलेलं पोर. तिला सांग की तो प्रश्न माझा आहे. खुशाल सांग. आणि हेही सांग की तिनं माझं काही चोरलेलं नाही. माझ्याकडे तो नुसता पडून होता, तिनं वापरला. तिला हवे तितके दिवस वापरू दे.

पोचलीस का गं, असं खालून ओरडतात म्हणे. काय गोड पोरं आहेत. मी ते वाचून मोठ्याने हसलो, तर बदलीवरचा पोरगा दचकला. दोन वर्षांत त्यानं मला हसताना बघितलं नव्हतं.

पण ऑपरेशनचं वेगळं, त्याची सरमिसळ करू नकोस. ती चौदा वर्षांची आहे, तिची वाट बघायला माणसं मिळतात. आमच्या वयाच्या माणसाची लोक वाट बघतात ती रिटायर कधी होतो याची. दम लागतो. दुसऱ्या मजल्यावर थांबतो, कठडा धरून. तू खरं सांग म्हणालीस म्हणून आणखी एक खरं सांगतो. मला मरायची भीती वाटत नाही. भीती वाटते ती याची, की तिथे शुद्धीवर येईन, डोळे उघडीन, आणि शेजारची खुर्ची रिकामी असेल. दर आजारपणात तिथे तुझी मामी बसायची, विणकाम घेऊन. ती रिकामी खुर्ची मला बघायची नाही. म्हणून जात नाही. झालं समाधान?

तुझा मामा


१६ जानेवारी

पूलमामांना नमस्कार,

मी खिडकी. नाव वेगळं आहे पण तुम्हीही खिडकीच म्हणा.

बाईंनी मला सांगितलं की प्रश्न तुमचा आहे. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ऑपरेशनचंही सांगितलं. त्यांना रागावू नका.

मी बुधवारी उभी राहिले आणि वर्गाला खरं काय ते सांगून टाकलं. प्रश्न माझा नाही, पूलमामांचा आहे, आणि मी इतके दिवस गप्प बसले. मला वाटलं, संपलं आता. मग वकील म्हणाला, "प्रश्न कुणाचा का असेना, आज माझी पाळी आहे. आटप लवकर, मला पुढे क्लास आहे." आणि तो गेटवर होता. त्यानंतरही रोज कुणीतरी असतंच.

तुमचा प्रश्न मी खूप वापरला. त्याबद्दल थँक्यू. आता तुम्हाला परत करायचाय, पण आमचं घोडं नियमावर अडलंय. ज्याचा प्रश्न त्यानेच पुसायचा. हेडबाईंचे साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यांनी तो वाचला, मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले, आणि पुसा म्हणाले नाहीत. म्हणजे आता त्याला कुणाचीच हरकत नाही. तो पुसायला तुम्हालाच यावं लागेल, आणि त्यासाठी तुम्ही आधी बरं व्हायला पाहिजे. आम्ही सगळे वाट बघतोय. हे उत्तर म्हणून लिहीत नाहीय, बाई म्हणतात उत्तर द्यायचं नसतं. नुसतं सांगतेय.

आणि माझा एक प्रश्न आहे. हा माझा स्वतःचा. तुमच्या जादा टोल्याचं बाईंनी मला सांगितलं. तो फक्त मामींनाच ऐकू यायचा का? घंटा पुलाची आहे ना, म्हणजे मोठी असणार. मग बाकीच्यांना ऐकू येत नव्हती का?

तुमची,
खिडकी


३० जानेवारी

चि. खिडकीस अनेक आशीर्वाद,
(ठके, तूही वाच. दोनदा लिहायचा दम नाही.)

पोरी, तुझा प्रश्न वाचून आधी मी मनाशी म्हटलं, काय बावळट प्रश्न आहे. टोला माझ्या बायकोसाठी होता, बाकीच्यांना त्याचं काय? दोन दिवस असंच म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी माझं मलाच खटकलं. घंटा खरंच मोठी आहे. पार वळणापर्यंत जाते.

परवा संध्याकाळी धुकं इतकं होतं की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पाळी संपली. बदलीवरचा पोरगा आला होता. मी उठलो, घंटेची दोरी हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. छातीत धडधडत होतं, ते झडपेमुळे की कशामुळे, सांगता येत नाही. मग दिला एक टोला.

आवाज धुक्यात गेला आणि विरला. मी मनाशी म्हटलं, बघितलंस ना, काही नाही. जिना उतरून खाली आलो.

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे. तो गळ्यात टेप घेऊन दारात उभा होता. मला म्हणाला, "काका, तुम्ही दिलात?" मी म्हटलं, हो. तो आत वळून बायकोला ओरडला, "अगं, खरंच झाला टोला! टाक चहा!" पलीकडून न्हावी बाहेर आला, मागोमाग त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला साबण तसाच. वरच्या मजल्यावरची म्हातारी, जिच्याशी मी उभ्या जन्मात चार शब्द बोललो नसेन, ती खिडकीतून म्हणाली, "आज आठवण झाली का मेल्या? दोन वर्षं झाली, आमच्या चहाला काही काळवेळच उरला नाही!"

मला काही समजेना. शिंपी म्हणाला, तो रोज त्या टोल्याला मशीन थांबवायचा. म्हातारी टोला झाला की पोरांना खेळातून वर हाक मारायची. अख्खी गल्ली त्याच्यावर चहा टाकायची. मी म्हटलं, अरे, मग कुणी विचारलं का नाही मला? तर न्हावी मान खाली घालून म्हणाला, "कसं विचारणार काका? काकू गेल्या आणि टोला बंद झाला. आम्हाला कळलं होतं तो कुणासाठी होता. ज्याचा टोला त्यानंच द्यायचा, दुसऱ्यानं कसं म्हणायचं? आम्ही आपले रोज थोडं थांबायचो, आज होतोय का बघू म्हणून."

दोन वर्षं, पोरी. मी वर केबिनमध्ये बसून होतो आणि खाली ही सगळी माणसं कान देऊन थांबलेली होती. मी रस्त्यात रडलो. लपवत नाही. शिंप्यानं स्टूल आणून दिलं, त्यावर बसून रडलो, आणि म्हातारीनं वरून विचारलं की साखर किती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गल्लीत, घराबाहेर बसून चहा प्यायलो.

मग घरी गेलो. घरात कुणी नव्हतं, वास बंद घराचाच होता. खोटं कशाला सांगू? पण गेलो.

तर ठके, तारीख घेतलीय. अकरा फेब्रुवारी. ताईला सांग. बदलीवरच्या पोराला मी बजावलंय की मी नसेन तोवर जादा टोला त्यानं द्यायचा, विसरला तर म्हातारीशी गाठ आहे. तो म्हणाला, "पण काका, नियमात नाही ते." मी म्हटलं, नाहीच आहे.

तुम्हा दोघींचा,
पूलमामा


१८ फेब्रुवारी

प्रिय ठकी आणि खिडकी आणि वकील आणि बाकी सगळे,

हात थरथरतो, तेव्हा अक्षर गोड मानून घ्या.

शुद्धीवर आलो तेव्हा डोळे उघडायला धीर होईना. तसाच पडून राहिलो. नदीवर असल्यासारखं वाटत होतं, सगळीकडे पांढरं, दूर कुठेतरी भोंगा. मग बाजूनं घोरण्याचा आवाज आला. डोळे उघडले तर खुर्चीत ताई, तोंड उघडं टाकून झोपलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लहानपणीही अशीच घोरायची. ठके, तुझ्या आईला हे सांगू नकोस, पण इतकं सुंदर दृश्य मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

नंतर नर्सबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घरी कुणाला कळवायचंय? एकच ओळ होती भरायला. मी म्हटलं, बाई, जागा पुरणार नाही. शिंप्यापासून सुरुवात केली, तर त्या हसायला लागल्या.

डॉक्टर म्हणतात, महिनाभर जिना नको, प्रवास नको. त्यानंतर येतो. गेटवर कुणाची पाळी असेल ते कळवा. खिडकी, मी पोचलो की तू वरून ओरड, मी हात करीन.

प्रश्न अजून पुसू नका. मी येऊन पुसतो. तोवर कुणाला लागला, तर त्याला वापरू द्या.

तुमचा,
पूलमामा